एफएमजीईची तयारी चौथ्या वर्षापासून: सुरुवात नेमकी कोठून करावी?

औसेकर_बिश्केक

सर्वांना नमस्कार. मी मूळचा लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्याचा असून २०२२ पासून किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक येथे वैद्यकीय शिक्षण घेत आहे आणि सध्या चौथ्या वर्षात आहे. नीटच्या तयारीसाठी ज्या लातुरात राज्यभरातून मुले येऊन राहतात, तेथेच राहून दोनदा परीक्षा देऊनही मला सरकारी जागा मिळाली नाही आणि खाजगी महाविद्यालयाचे शुल्क घरच्यांच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून हा मार्ग निवडला. भारतात परतल्यावर नोंदणीसाठी एफएमजीई, म्हणजे परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन येणाऱ्यांची चाळणी परीक्षा, उत्तीर्ण व्हावी लागेल, हे येण्यापूर्वीच ठाऊक होते; मात्र त्या परीक्षेकडे डोळे उघडून पाहिले ते गेल्या महिन्यात.

येथील परीक्षा बहुतांशी तोंडी असतात. टेबलावर पालथ्या मांडलेल्या चिठ्ठ्यांमधून एक उचलायची, तिच्यावरच्या प्रश्नांचा थोडा वेळ विचार करायचा आणि प्राध्यापकांसमोर बसून बोलायचे, अशी पद्धत आहे. त्यामुळे बोलण्याची सवय झाली, पण चार पर्यायांतून एक निवडण्याची झाली नाही. एका रविवारी खोलीचे दार लावून, मोबाइल शेजारच्या मित्राकडे ठेवून, जुन्या प्रश्नांतून निवडलेले १५० प्रश्न मी १५० मिनिटांत सोडवले. मूळ परीक्षेचा एक भाग एवढाच असतो. माझी ६१ उत्तरे बरोबर आली. शरीररचनाशास्त्रात स्थिती बरी होती, पण जनऔषधवैद्यकशास्त्राच्या (सार्वजनिक आरोग्य व रोगप्रतिबंध) पंधरा प्रश्नांपैकी तीनच बरोबर होते आणि त्यांतलाही एक अंदाजाने टाकलेला होता.

वॉर्डातील शिक्षणाची अडचण निराळी आहे. रुग्ण किर्गिझ किंवा रशियन बोलतात. ‘ग्द्ये बलीत’, म्हणजे ‘कुठे दुखते’, एवढे मी विचारू शकतो. त्यावर रुग्ण जे सांगतो त्यातले निम्मे माझ्या डोक्यावरून जाते.

इंटर्नशिप धरून माझ्या हाती साधारण दोन वर्षे आहेत. कोणते विषय आधी घ्यावेत, महाविद्यालय सांभाळून रोज किती वेळ पुरेसा ठरतो, आणि परतल्यावर दिल्लीत किंवा पुण्यात राहून शिकवणी लावणे अटळ आहे का, हे जाणून घ्यायचे आहे. वडील त्यासाठी पुन्हा कर्ज काढायला तयार आहेत. ते काढावे लागू नये, अशी माझी इच्छा आहे. काही मित्र म्हणतात की एफएमजीईच्या जागी नेक्स्ट ही नवी परीक्षा येणारच आहे, तर आतापासून एफएमजीईचा अभ्यास कशाला करायचा. त्यात तथ्य आहे का?

---

कोकणातली_डॉक्टर

मी ही परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले आणि सध्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात काम करते. पहिल्या प्रयत्नात मला ३०० पैकी १४३ गुण मिळाले होते आणि वेळ संपल्यामुळे अकरा प्रश्न कोरे राहिले होते. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे त्या अकरा ठिकाणी डोळे मिटून काहीही खूण केली असती तरी दोन-तीन गुण पदरात पडले असते, हे निकालानंतर कित्येक दिवस मनात सलत होते. तेव्हा पहिली गोष्ट ही, की तुम्ही घड्याळ लावून १५० प्रश्न सोडवून पाहिलेत, ते उत्तम केलेत. मी ते अगदी शेवटच्या महिन्यात केले होते.

आता गुणांची विभागणी पाहा. ती परीक्षा मंडळाच्या माहितीपत्रकात छापलेली असते. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन प्रत्येकी १७, विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी), सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र प्रत्येकी १३, आणि न्यायवैद्यकशास्त्र १०, असे पहिले शंभर गुण होतात. उरलेल्या दोनशेंमध्ये मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र ३०, जनऔषधवैद्यकशास्त्र ३०, बालरोग, नेत्ररोग आणि कान-नाक-घसा प्रत्येकी १५, आणि मानसोपचार, त्वचारोग, रेडिओथेरपी, भूलशास्त्र, अस्थिरोग व रेडिओलॉजी प्रत्येकी ५ आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी १५० लागतात आणि गुणानुक्रम नसतो. म्हणजे एखाद्या विषयात विद्वान होण्यापेक्षा वीसच्या वीस विषयांत निम्म्याच्या थोडे वर राहणे महत्त्वाचे आहे.

तुम्हाला जनऔषधवैद्यकशास्त्रात पंधरापैकी तीन मिळाले, याचे मला आश्चर्य वाटले नाही, कारण तो विषय तुम्हाला कोणी शिकवलेलाच नाही. तेथील अभ्यासक्रमात तेथील आरोग्यव्यवस्था असते. आपला उपकेंद्र–प्राथमिक आरोग्य केंद्र–ग्रामीण रुग्णालय हा उतरंडीचा हिशेब, आपले लसीकरण वेळापत्रक आणि आपले राष्ट्रीय कार्यक्रम त्यात कोठून येणार? ही परीक्षा वरवर पाहता वैद्यकशास्त्राची असली, तरी तिच्या आत भारतातील रुग्णाची परीक्षा दडलेली आहे, आणि परदेशात शिकलेल्यांचे गुण जातात ते तेथेच, असे माझे मत आहे. म्हणून माझ्या दृष्टीने सुरुवात त्या तीस गुणांपासून करावी. लसीकरण आधी घ्या. जन्मतः बीसीजी, तोंडावाटे पोलिओ आणि हिपॅटायटिस बी. त्यानंतर आपल्याकडे आशाताई ज्याला ‘दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस’ म्हणतात ते पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस), पोलिओ आणि रोटाव्हायरस. इंजेक्शनचा पोलिओ दीड आणि साडेतीन महिन्यांना. नऊ महिन्यांना गोवर-रुबेला आणि अ जीवनसत्त्व. कोणती लस मांडीत, कोणती दंडात, कोणती त्वचेच्या आत, आणि विरघळवलेली बीसीजी चार तासांनंतर का टाकून द्यायची, हे सगळे प्रश्नांचे विषय आहेत.

दुसरे उदाहरण विषबाधेचे. माझ्या रुग्णालयात पावसाळा सुरू झाला की सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. आपल्याकडे मिळणारी प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालते. पहिले दोन मज्जासंस्थेवर परिणाम करतात, तर घोणस आणि फुरसे रक्त गोठण्याच्या क्रियेवर. रुग्ण आला की मी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत त्याचे दोन मिलिलीटर रक्त घेते, नळी वीस मिनिटे अजिबात न हलवता उभी ठेवते आणि मग हळूच आडवी करते. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर ते गोठत नाही हे उघड होते आणि प्रतिविष सुरू करावे लागते. लहान मुलाला मात्रा कमी द्यायची का, हा परीक्षेतला आवडता सापळा आहे; कमी द्यायची नसते, कारण सापाने सोडलेले विष मुलाचे वजन पाहून कमी झालेले नसते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चाव्याची खूण धड दिसत नाही आणि सकाळी रुग्ण पोटदुखी आणि जड झालेल्या पापण्या घेऊन येतो. हे चित्र एकदा डोळ्यांसमोर बसले की प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी उत्तर चुकत नाही. विंचूदंशातील प्रॅझोसिनचेही तसेच, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ज्या औषधाने कोकणातील विंचूदंशाच्या रुग्णांचे प्राण वाचवले, ते बिश्केकच्या वॉर्डात तुम्हाला कोण दाखवणार?

न्यायवैद्यकशास्त्र दहाच गुणांचे आहे, पण थोडक्या वाचनात हाती येणारे आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीचे दोन कायदे लागू झाले आहेत. संशयास्पद मृत्यूच्या पोलीस चौकशीचे जुने कलम १७४ आता नागरिक सुरक्षा संहितेत १९४ झाले आहे, आणि निष्काळजीपणाने घडलेल्या मृत्यूचे ३०४-अ हे न्याय संहितेत १०६ झाले आहे. वसतिगृहात वरच्या वर्षांकडून वारसाहक्काने येणाऱ्या नोट्समध्ये अजून जुने आकडे असतात.

शिकवणीबद्दल विचाराल, तर मी पहिल्या प्रयत्नापूर्वी ती लावली होती आणि दुसऱ्यापूर्वी नाही. शिकवणीमुळे मी अनुत्तीर्ण झाले असे मुळीच नाही, पण दिवसाचे दहा तास ऐकण्यात गेले आणि सोडवायला वेळ उरला नाही. सध्या रोज दोन तास आणि आठवड्याला एक घड्याळी चाचणी तुम्हाला पुरे आहे.

---

निवृत्त_मास्तर

मी विकृतिशास्त्र शिकवत असे. वरील प्रतिसाद अनुभवातून आलेला आहे आणि त्यातील बहुतेक भागाशी मी सहमत आहे; केवळ सुरुवातीच्या जागेबद्दल माझे मत वेगळे आहे. लसीकरण आणि राष्ट्रीय कार्यक्रम पाठांतराचे असतात आणि दोन वर्षे आधी केलेले पाठांतर परीक्षेपर्यंत टिकत नाही. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र हे तीन विषय आधी पक्के करावेत. कागदावर त्यांचे ३९ गुण दिसतात, पण मेडिसिन, सर्जरी आणि बालरोगाचे कितीतरी प्रश्न मुळात त्यांचेच असतात.

क्षयरोगच घ्या. नव्या रुग्णाला पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल, आणि पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे, हा आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा क्रम आहे. आता एकटे इथाम्ब्युटॉल हातात धरून चाला. डोळ्याच्या नसेवर त्याचा परिणाम होतो हा औषधशास्त्राचा प्रश्न. रुग्णाला लाल-हिरव्या रंगांतील फरक कळेनासा होतो हा नेत्ररोगाचा. जे लहान मूल दृष्टीतील बदल सांगू शकत नाही त्याला ते देताना कोणती काळजी घ्यावी हा बालरोगाचा. आणि शेवटच्या चार महिन्यांतही ते का चालू ठेवतात हा जनऔषधवैद्यकशास्त्राचा. एका गोळीमागे चार विषय उभे आहेत. विषयांच्या वह्या वेगळ्या असल्या तरी रोगाची एक वही असावी, असा माझा विद्यार्थ्यांकडे नेहमी आग्रह असे.

दुसरे असे की तुमचे ८९ प्रश्न चुकले, ते एका जातीचे नसणार. काही मुळातच माहीत नसतील, काहींत दोन पर्यायांमध्ये गोंधळ झाला असेल, आणि काहींत प्रश्नातील ‘वगळून’ हा शब्द डोळ्यांनी ओलांडला असेल. त्या प्रश्नांसमोर पेन्सिलीने अशी वर्गवारी करा. पहिल्या जातीला वाचन हवे, दुसरीला दोन गोष्टींची शेजारी-शेजारी तुलना हवी, आणि तिसरीला अभ्यासाची नव्हे, तर सावकाश वाचण्याची गरज आहे. सगळ्या चुकांवर ‘आणखी वाचले पाहिजे’ हा एकच उपाय करणारी मुले मी फार पाहिली.

जाता जाता एक सांगतो. बिश्केकच्या वॉर्डात काहीच मिळत नाही असे मानू नका. मेंढ्या, गुरे आणि कुत्री यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या त्या देशात ब्रुसेलोसिस आणि यकृतातील हायडॅटिड गाठ हे आजार भरपूर आढळतात, आणि दोन्ही आपल्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात आहेत. ज्या गाठीचे आमचे विद्यार्थी बरणीतले नमुने पाहत, ती तुम्हाला सोनोग्राफीच्या पडद्यावर जिवंत माणसात पाहायला मिळेल. रशियन थोडे अधिक शिका आणि त्या रुग्णाजवळ बसा.

---

कागदपत्रे_आधी

माझ्या धाकट्या भावाच्या निमित्ताने या प्रक्रियेतून गेलो आहे, त्यामुळे अभ्यासाबद्दल न बोलता नियमांबद्दल लिहितो. तुमचा प्रवेश २०२२ चा आहे, म्हणजे १८ नोव्हेंबर २०२१ रोजी अधिसूचित झालेले नियम तुम्हाला लागू होतात. त्यांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो, त्याच संस्थेत आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते, त्या देशात व्यवसाय करण्यास तुम्ही पात्र ठरायला हवे, आणि हे सर्व प्रवेशापासून दहा वर्षांत पूर्ण व्हायला हवे. त्यानंतर भारतातही १२ महिन्यांची इंटर्नशिप आहेच.

भावाला एका एजंटाने तिसऱ्या वर्षी ‘शुल्क कमी लागेल’ असे सांगून दुसऱ्या विद्यापीठात हलवण्याचा घाट घातला होता. संपूर्ण शिक्षण एकाच संस्थेत झाले पाहिजे, ही अट त्या गृहस्थांना ठाऊक नव्हती की त्यांनी मुद्दाम सांगितली नाही, हे आम्हाला आजतागायत कळलेले नाही. सुदैवाने आम्ही वेळेत थांबलो. तुम्ही प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, माध्यम इंग्रजी असल्याचे पत्र आणि पासपोर्टवरील येण्या-जाण्याच्या शिक्क्यांच्या प्रती आतापासून एका फाईलमध्ये ठेवा. पदवीच्या कागदांवर अपोस्टील किंवा भारतीय दूतावासाचे प्रमाणीकरण लागते आणि त्याला वेळ लागतो. परीक्षा वर्षातून दोनदा असते. कागद अपुरे म्हणून एक संधी हुकली, तर सहा महिने हातावर हात ठेवून बसावे लागते.

नेक्स्टची तरतूद २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात आहे. २०२३ मध्ये तिच्या सराव परीक्षेची तारीखही जाहीर झाली होती आणि नंतर सगळेच पुढे ढकलले गेले. ती आली तरी विषय हेच राहणार आहेत, तेव्हा वाट पाहत बसण्याला अर्थ नाही.

---

औसेकर_बिश्केक

सर्वांचे मनापासून आभार. मास्तर सांगतात त्याप्रमाणे चुकलेल्या ८९ प्रश्नांची वर्गवारी काल रात्री केली. ४७ मुळातच माहीत नव्हते, ३१ मध्ये दोन पर्यायांत गोंधळ होता, आणि ११ प्रश्न मी चक्क चुकीचे वाचले होते. ते अकरा पाहून डॉक्टरताईंचे कोरे राहिलेले अकरा आठवले.

विकृतिशास्त्रापासून सुरुवात करतो आणि रविवार जनऔषधवैद्यकशास्त्राला देतो. असे केल्याने दोघांचेही म्हणणे राखले जाईल. जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टीत गावी येणार आहे. त्या दीड महिन्याचा उपयोग पुस्तकांपलीकडे काही करता येईल का?

---

कोकणातली_डॉक्टर

अवश्य करता येईल. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा आणि लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात नुसते बसून पाहण्याची परवानगी मागा. कोणत्याही रुग्णाला हात लावू नका; पाहणे आणि ऐकणे एवढेच करा. आरोग्यसेविका लसींच्या डब्यातून कुपी कशी काढते, तिच्यावरील रंग बदलणारा चौकोन आधी का तपासते, लस टोचल्यावर बाळाला अर्धा तास का थांबवून ठेवते, हे एकदा पाहिलेत की त्यावरचे प्रश्न पाठ करावे लागणार नाहीत. शिवाय मेडिसिनच्या बाह्यरुग्ण विभागात कोपऱ्यात उभे राहायला मिळाले, तर ‘पोटात कळ येते’, ‘छातीत धडधडते’, ‘हातापायाला मुंग्या येतात’ ही तक्रार ऐकून मनातल्या मनात निदानाचे तीन पर्याय मांडण्याचा सराव करा. येथे भाषेची अडचण तुम्हाला येणार नाही.

---

सेविकेचा_मुलगा

चर्चेत मध्येच येत आहे, पण एक दुरुस्ती आवश्यक वाटते. वरच्या मोठ्या प्रतिसादात इंजेक्शनचा पोलिओ दीड आणि साडेतीन महिन्यांना असे लिहिले आहे. जानेवारी २०२३ पासून नऊ महिन्यांना त्याचा तिसरा डोसही दिला जातो. त्याचप्रमाणे न्यूमोकोकल लसीचा उल्लेख राहून गेला आहे. ती दीड आणि साडेतीन महिन्यांना, आणि बूस्टर नऊ महिन्यांना असते. आई आरोग्यसेविका असल्यामुळे आमच्या घरी हे वेळापत्रक फ्रीजच्या दारावर चिकटवलेले आहे.

---

कोकणातली_डॉक्टर

दुरुस्ती अगदी बरोबर आहे आणि चूक माझीच आहे. मी माझ्या परीक्षेच्या वेळच्या वहीतून लिहिले. जुन्या नोट्सबद्दल न्यायवैद्यकशास्त्राच्या परिच्छेदात मी जे बजावले, ते मलाच लागू पडले. रुग्णालयात मी लसीकरण पाहत नाही, ते आमच्या परिचारिका पाहतात. उद्या त्यांच्याकडचा तक्ता मागून वही सुधारून घेते.

---

औसेकर_बिश्केक

मी आताच माझ्याकडची पीडीएफ उघडून पाहिली. वरच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने ती मोठ्या प्रेमाने दिली होती. तिच्यात नऊ महिन्यांच्या रकान्यात इंजेक्शनचा पोलिओ नाही आणि कायद्याच्या पानावर कलम १७४ आहे. ती पुसून टाकली. सेविकेचा_मुलगा, तुमच्या फ्रीजच्या दाराचा फोटो येथे टाकता येईल का?